लाइन, गो!

म्हात्रेकाका कॉम्प्युटरशी लाडीगोडीनं बोलत. की-बोर्डवर ‘एल’ दाबला की म्हणत, "लाइन, गो." ‘सी’ दाबला की, "सर्कल, गो." रोह्यातल्या आमच्या ड्रॉइंग ऑफिसात पोरं विचारत, "काका, ‘गो’ म्हणता, मशीन बाई आहे का?" काका चष्म्यावरून बघत. "बापयमाणूस असतं तर एवढं ऐकलं असतं काय?"

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. पेणहून रोज येणारा हा माणूस टाक्या आणि पाइपांची ड्रॉइंगं अशी काढायचा की साहेबसुद्धा खोट काढत नसत.

मग ड्रॉइंगच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आणि पडद्यावर वर इवल्याशा चित्रांची रांग लागली. टाइप नको, माउसनं टिचकी मारली की झालं. आम्ही खूश. काकांचं डोकं मात्र फिरलं. "हे खोडरबर हाय का खोबऱ्याची वडी? मी काय बालवाडीत हाय?" त्यांनी चित्रांवर सरळ काळी चिकटपट्टी लावली. दुपारी माउस कुठंतरी ओढला गेला आणि अख्खी रांग डावीकडे येऊन उभी राहिली. "आयला, ही बया हिकडून निघाली!"

ऑफिस हसून लोळलं. साहेब हसले नाहीत. "सोमवारपर्यंत जमवा म्हात्रे, नाहीतर प्रिंट काढायच्या खोलीत बसा."

काकांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. मला राहवेना. "काका, चित्रंच तर आहेत. एवढं काय?"

"ड्रॉइंगचा बोर्ड सोडून मशीनवर आलो, तवा ही अक्षरं ध्यानात ऱ्हात नवती," ते हळूच म्हणाले. "आमची मंडळी गणपतीच्या कारखान्यात डोळे रंगवायची. इंग्रजीचं अक्षर येत नवतं. पण घरी भाकऱ्या थापताना माझा पाठ घ्यायची. ‘एल म्हंजी काय वो?’ मी सांगायचो, ‘लाइन, गो.’ आता ती नाय. अक्षर दाबलं की इचारते, असं वाटतं. चित्र काय इचारणार?"

आता टाइप नको म्हणून आमच्यातल्याच कुणीतरी पडद्याखालची अक्षरं टाइप करायची पट्टी बंद करून ठेवली होती. ती मी शोधून उघडली. काकांनी भीत भीत ‘एल’ दाबला, रेघ उमटली. पण ‘लाइन, गो’ काही म्हणाले नाहीत.

मी मान खाली घालून, माझं काम करत विचारलं, "काका, सी म्हंजी काय वो?"

काका चष्मा पुसत, हसत म्हणाले, "सर्कल, गो."