खंडेनवमीच्या काचा

लेकीचं, उज्ज्वलाचं लग्न झालं त्याच वर्षीची, म्हणजे २००३ सालची खंडेनवमी. मखमलाबादच्या फुलमळ्यात पुंजाराम एकटा. बायको आधीच गेलेली, लेक देवळ्याला नांदायला गेलेली आणि मुलगा शेखर पुण्यात शिकायला. घरात बोलायला फक्त रेडिओ, आणि तो काही विचारलं तर उत्तर द्यायचा नाही!

सणाला शेखर आला. खोक्यात कॉम्प्युटर, डबीत काचेच्या पट्ट्या. मोराच्या मानेसारख्या निळ्या!

"कोणता रंग दिला रे?"

"रंग नाही, आप्पा. टायटॅनियम अन् सिलिकाचे पातळ थर, एकावर एक, भट्टीत भाजलेले. थरांवरून उजेड परततो, त्याचा हा निळा. किती जाडीला कोणता रंग, ते कॉम्प्युटरवर काढायचं. गणित जुळलंय. परवा निघतो."

परवा! पुंजारामनं हातातली भाकरी ताटात ठेवली.

अवजारं पुजण्यात मात्र पुंजारामचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. विळा, खुरपं, फवारणीचा पंप, मोटारीचा स्टार्टरसुद्धा! मग पोराच्या अवजारांनी काय घोडं मारलं? शेखर अंघोळीला गेला तसं त्यानं एका पट्टीला गोडेतेलाचं बोट लावलं, धोतरानं पुसलं, आणि पट्टी हिरवी झाली! फुंकली, उन्हात धरली, पदराआड करावी तशी धोतरात झाकून पाहिली. पोपटासारखी हिरवीगार!

"आप्पा! ही निळी होती ना?" शेखर डोकं धरून खाली बसला. "म्हणजे गणितच चुकलं! आता चार दिवस हलता येत नाही."

सांगायला उघडलेलं पुंजारामचं तोंड तसंच मिटलं. "चुकतं रे कधी कधी," म्हणत तो पिठलं टाकायला गेला.

काय दिवस गेले! दोन ताटं, दोन पेले, रेडिओ बंद. पण शेखर म्हणाला, "एकच पट्टी बिघडलेली दिसते. उद्या जातो." दुपारी दुसरी पट्टी हिरवी झाली. मग तिसरी. शेवटच्या पट्टीच्या वेळी तर लाडवासाठी गूळ फोडलेला हात धुवायचंही राहिलं.

शेजारची कुसाबाई झेंडू मागायला आली अन् ओरडली, "अगं बया! पुंजाभाऊ, पोराच्या काचांना मुंग्या लागल्या! कॉलेजात गुऱ्हाळ चालवतो काय हा?"

शेखरनं पट्टी हुंगली. "आप्पा, तेल?"

"पूजा केली रे." पुंजारामनं मान खाली घातली. "तुझं गणित बरोबर हाय. तू राहत व्हतास... म्हणून बोललो नाय."

शेखर एकदम उडी मारून कॉम्प्युटरसमोर बसला. "थरांना बारीक भोकं असतात. त्यांत हवेऐवजी तेल धरलं तर... हिरवा! आप्पा, नेमका हिरवा! तेल ओळखणारी काच झाली ही! सरांना आजच दाखवतो!"

त्यानं पुंजारामचे पाय धरले, खोकं उचललं आणि दुपारच्याच एस्टीनं गेला.

"गेला व्हय?" कुसाबाईनं विचारलं.

"गेला," पुंजाराम म्हणाला. "तेल जरा जास्तच झालं!"

पुंजाराम २००५ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी वारला. घरात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं.