महिपतमामाचं प्रीमियम पेट्रोल

मुरबाडच्या पंपावर महिपतने नव्याने आलेले प्रीमियम पेट्रोल भरायला सांगितले, तेव्हाच त्याची बायको प्रेमा हिने खिडकीकडे तोंड फिरवले.

"म्हातारीला काजू चारून ती काय पळणार हाय?" ती म्हणाली.

म्हातारी म्हणजे महिपतची फियाट. वीस वर्षांची होती आणि चढ लागला की इंजिनातून टकटक टकटक आवाज काढायची. आज तिने तसे करून चालणार नव्हते. आटगावजवळच्या पाड्यावर महिपतच्या भाचीचे, रुपाचे, गोरज मुहूर्तावर लग्न होते आणि मागच्या सीटवर प्रेमाशेजारी गुणाबाई बसली होती. गुणाबाई धवळारीण. तिने धवळा गाऊन देवांना मांडवात बोलावल्याशिवाय त्यांच्यात लग्न लागत नाही. तिला वेळेवर आणायची जबाबदारी मामाने छातीवर हात मारून घेतली होती. मुहूर्त चुकला असता, तर सोयऱ्यांत तोंड दाखवायची सोय उरली नसती.

"नवऱ्याकडच्या मंडळींसमोर ही खडखड नको. पंपवाला बोलला, आवाज बंद होतो," महिपत म्हणाला.

आणि खरेच झाला की हो! सरळगाव मागे पडेपर्यंत गाडी अशी मऊ चालू लागली की महिपतच घाबरला. आजवर तो डोळ्यांपेक्षा कानांनीच गाडी चालवत आला होता. टकटक सुरू झाली की गियर बदलायचा, वाढली की थांबायचे. आता काहीच ऐकू येईना. इंजिन चालू आहे की बंद, हे पाहायला तो सारखा वाकून डॅशबोर्डला कान लावत होता.

खिंडीच्या पायथ्याशी शेळ्या आडव्या आल्या आणि त्याने गाडी थांबवली. आता हा चढ म्हणजे फियाटचा जुना वैरी. माणसे घेऊन ती तो कधीच चढली नव्हती. पायथ्याशी सगळ्यांनी मुकाट उतरायचे, गाडीने रिकामी वर जायचे आणि माथ्यावरच्या जांभळाखाली थांबायचे, हा रिवाज साऱ्या भावकीला पाठ होता. त्यामुळे प्रेमाने, कडी मोडलेल्या मागच्या दाराला बांधलेली सुतळी सोडली, गुणाबाईला हात दिला, दोघी उतरल्या आणि सुतळी परत बांधून टाकली. महिपतचा कान तेव्हा डॅशबोर्डवर होता. शेळ्या गेल्या आणि गाडी निघाली.

टकटक झालीच नाही. टकटक नाही म्हणजे महिपतच्या लेखी अजून चढ आलेलाच नव्हता. जांभूळ मागे गेले, तरी तो रंगात येऊन बोलतच होता.

"बघितलं गुणाबाय? पानी हलत नाय पोटातलं!"

मागून उत्तर नाही. धवळ्याच्या दिवशी गुणाबाई गळा जपायची, कोणाशी बोलायची नाही. प्रेमा तर पंपापासून रुसलेलीच. गप्प बसली म्हणजे तिला पटले, असे समजून तो खूश झाला.

मांडवाच्या दारात बायका आरतीचे ताट घेऊन उभ्या होत्या. महिपत रुबाबात उतरला. त्याच्या दाजीने, अनंताने, सुतळी सोडून मागचे दार उघडले आणि तो आत बघतच राहिला.

"महिपत, धवळारीण कुठाय?"

महिपतने वाकून सीटखालीसुद्धा पाहिले.

"दाजी, चढ... चढ कुठं ऱ्हायला?"

"लगीन ऱ्हाईल आता!" त्याची बहीण रंभा किंचाळली. "पोरगी हळदीच्या अंगानं बसलीय रे! जा, घेऊन ये तिला!"

महिपतने गाडी फिरवली. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकू लागला होता. समोरून नवऱ्याच्या वऱ्हाडाचा टेम्पो आला. वरून दोन बाया हात हलवून ओरडत होत्या. वऱ्हाडातल्या बाया राम राम घालताहेत, असे वाटून त्यानेही हात हलवला, हॉर्न मारला आणि सुसाट निघून गेला. त्या दोघी म्हणजे प्रेमा आणि गुणाबाई. जांभळाखाली वाट पाहून पाहून त्यांनी शेवटी टेम्पो थांबवला होता.

माथ्यावर अर्थात कोणीच नव्हते. महिपतने हाका मारल्या, करवंदीच्या जाळ्या पाहिल्या, दरीत डोकावून "प्रेमे!" म्हणून टाहो फोडला. परत फिरावे, तर गाडीने दोन आचके दिले आणि मान टाकली. नव्या पेट्रोलने टाकीतला जुना गाळ सोडवून कार्बोरेटरमध्ये आणून बसवला होता. महिपतने त्यातला तुंबलेला जेट काढला, तोंडाने फुंकला, घोटभर पेट्रोल गिळले आणि पंपवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

इकडे मांडवात वेगळीच पंचाईत झाली. धवळारीण आली, नवरा आला, मुहूर्तही दारात आला. पण नवरीला उचलून मांडवात आणायचे ते मामाने, आणि मामाच गायब!

"मामा नाय तर आमी किती बसायचं?" नवऱ्याचा चुलता मिशीवर हात फिरवू लागला. रुपाच्या डोळ्यांत पाणी आले.

गुणाबाईने मात्र आवाज जराही ढळू दिला नाही. देव बोलावून संपले, तेव्हा तिने नद्यांना बोलावले, मग डोंगरांना, मग डोंगरावरच्या झाडांना. ती गात होती तोवर कोणाला उठता येत नव्हते. गोरज सरत चालली होती.

तेवढ्यात महिपत मांडवात धडपडत शिरला. आवाज न करता गाडी कधी आली, कोणाला कळलेच नाही. तोंड काळे, अंगाला पेट्रोलचा वास. मान वर न करता त्याने रंभाचे पाय धरले.

"रंभे, घात झाला गो! गुणाबाय नाय सापडली! माजी बायको बी गेली! लगीन मोडलं मी रुपाचं!"

तो लहान मुलासारखा रडू लागला. गुणाबाई त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिले आणि सूर न तोडता गाण्यात पुढचे कडवे घातले:

"मामा आला गो आला, मांडवाच्या दारी,
गाडी आनली घरी, बायको डोंगरावरी!"

बायकांनी ते झेलले. चुलत्याची मिशी हलली आणि हसता हसता त्याला ठसका लागला. महिपतने डोळे पुसत मान वर केली, तर समोर प्रेमा उभी.

"उचला पोरीला," ती म्हणाली, "आन् मांडवात पोचेस्तवर हातांत बघत ऱ्हा, पोरगी हाय का गेली ते."

लग्न वेळेवर लागले. वऱ्हाडातल्या बायका ते कडवे सासरी घेऊन गेल्या, तिथून ते किन्हवलीला पोचले, तिथून मुरबाडला. महिपत परत साध्या पेट्रोलवर आला. दोन वर्षांनी गाडी भंगारात गेली. कडवे मात्र अजून चांगले धावते.