अष्टपादांना कायम करण्याबाबत

आमच्या कंपनीत कोणतीही गोष्ट दोनदा लिहिल्याशिवाय खरी मानत नाहीत, आणि दुसऱ्यांदा लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. माझा हुद्दा सातत्य अधिकारी. आम्ही व्हिडिओ गेम बनवतो. ‘बुडालेलं शहर’ या आमच्या मालिकेचे तीन भाग निघाले आहेत. त्या शहरात कोण राहतं, कोण कोणाला मारू शकतं आणि मेलेला किती वेळाने उठून उभा राहतो, याचं रजिस्टर मी ठेवतो. रजिस्टरला दोन रकाने आहेत, ‘खेळणारे’ आणि ‘मार खाणारे’. माणसं, कासवं आणि खेकडे पहिल्या रकान्यात येतात, म्हणजे तुम्ही यांपैकी कोणीही होऊन शहरात हिंडू शकता. अष्टपाद दुसऱ्या रकान्यात येतात.

अष्टपाद म्हणजे ऑक्टोपसच, पण माणसासारखे ताठ चालणारे. दोन पाय, सहा हात, अंगात पहारेकऱ्याचा कोट आणि चेहऱ्यावर आत्ताच कोणीतरी झोपेतून उठवल्यासारखा भाव. दरवाजावर उभं राहायचं आणि येईल त्याचा मार खायचा, एवढंच त्यांचं काम. ते आमच्या चित्रकारबाईंनी काढले. बाई अकरा वर्षांपूर्वी सहा महिन्यांसाठी तात्पुरत्या म्हणून लागल्या आणि तेव्हापासून दर सहा महिन्यांनी नव्याने तात्पुरत्या होत आल्या. कामात त्यांनी कधी कोणाला नाव ठेवायला जागा दिली नाही. एका पहारेकऱ्याच्या कोटाचं तिसरं बटण तुटलेलं का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “त्याला सहा हात आहेत हो, पण सुई धरायला वेळ कुठाय त्याला?” मी तशी नोंद केली.

तिसऱ्या भागानंतर खेळणाऱ्यांची पत्रं येऊ लागली. लोकांना अष्टपाद व्हायचं होतं. ज्यांना आपण तीन भाग बडवलं तेच आपल्याला आवडत होते, हा शोध लोकांना उशिरा लागला. मोठ्या साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. मी तिथे होतोच.

“चौथ्या भागात तुमचे ऑक्टोपस खेळणारे करायचे,” साहेब म्हणाले. “हे एकदा मार्गी लागलं की तुमच्याही कायम होण्याचं बघतो.”

“नक्की?” बाईंनी विचारलं.

“शब्द देतो.”

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. मला त्यांच्यासाठी बरं वाटलं, पण नियम चौदा आठवून मी गप्प बसलो.

नियम चौदा मीच केला आहे. दुसऱ्या भागात टायपिंगच्या चुकीमुळे रस्त्यावरचा दिव्याचा खांब पहिल्या रकान्यात गेला. नऊ हजार लोक खांब होऊन खेळले. खांबाला जागचं हलता येत नव्हतं, तरी त्यातले चौघे जिंकले आणि आमची चांगलीच शोभा झाली. तेव्हापासून एका रकान्यातून दुसऱ्यात जायचं तर संबंधित प्राण्याने स्वतः अर्ज करावा, सोबत जन्मस्थानाचा पुरावा, अखंड सेवेचा तपशील जोडावा आणि समितीसमोर स्वतः हजर राहावं, असा दंडक आहे.

“अहो, तो चित्रातला आहे,” बाई म्हणाल्या. “तो अर्ज कसा करणार?”

“त्याच्या वतीने तुम्ही भरा. सही मात्र त्याची हवी. डाव्या हाताची.”

“त्याला तीन डावे हात आहेत.”

या मुद्द्यावर आठवडा गेला. कायदा सल्लागारांनी वरचा, मधला आणि खालचा अशा तिन्ही डाव्या हातांच्या बाजू ऐकून घेतल्या आणि वरच्याच्या बाजूने निकाल दिला. मधल्या हाताची हरकत नोंदवून ठेवली. बाईंनी सही काढली. ती इतकी साजरी निघाली की समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, “हा शिकलेला दिसतो?”

जन्मस्थान सोपं होतं, दरवाजा क्रमांक तीन. जन्मतारखेशी गाडी अडली, कारण अष्टपाद मार खाऊन मेला की चार सेकंदांनी त्याच दरवाजाशी पुन्हा जन्माला येतो. तीन भागांत मिळून तो एकसष्ट कोटी वेळा मेला होता. अखंड सेवेचं काय, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला. एकसष्ट कोटी खंड पडलेल्या उमेदवाराला अखंड कसं म्हणायचं? कायदा सल्लागार मोठे बारकाईचे गृहस्थ. त्यांनी तीन दिवस घेतले आणि मत दिलं, “मरण हा कामाच्या स्वरूपाचाच भाग असल्यामुळे मृतावस्थेतील चार सेकंद कामावरील समजावेत.” आम्ही सगळ्यांनी बाकं वाजवली. बाईंनीही वाजवली. स्वतःच्या मुलाचा निकाल लागावा तशा त्या खूश होत्या.

मग सुनावणी. समितीच्या खोलीत भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अष्टपादाला उभं केलं. समोर त्याच्यासाठी खुर्ची आणि पाण्याचा पेला ठेवला, कारण उमेदवाराला तसं देण्याची पद्धत आहे. अडचण एवढीच होती की पहारेकरी म्हणून त्याला तीनच वाक्यं दिलेली होती. कोणी बोललं की त्यातलं एक तो पाळीपाळीने म्हणायचा. नवी वाक्यं देता येत नव्हती, कारण नवी वाक्यं फक्त ‘खेळणाऱ्यां’ना मिळतात आणि तो अजून खेळणारा झालेला नव्हता.

“तुम्ही आमच्या लाखो खेळणाऱ्यांची वाट अडवली, हे खरं का?” अध्यक्षांनी विचारलं.

“इथून जायचं नाही,” अष्टपाद म्हणाला.

अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिलं. मी लिहिलं, ‘उमेदवार कर्तव्याशी एकनिष्ठ.’

“खेळणारे झालात तर जुन्या सहकाऱ्यांशी कसं वागाल?”

“अरे, कोण आहे तिकडे?”

‘सहकाऱ्यांची चौकशी करतो,’ मी लिहिलं.

“आजवर जो मार खाल्लात, त्याबद्दल तुमच्या मनात काही राग?” हा प्रश्न कायदा सल्लागारांचा. त्यांना दाव्याची भीती होती.

“आई गं,” अष्टपाद हळूच म्हणाला आणि पडद्यावर आडवा झाला. चार सेकंदांनी उठून पुन्हा कोट नीट करून उभा राहिला.

कायदा सल्लागारांनी चष्मा काढून पुसला. एवढं सरळ उत्तर या समितीपुढे आजवर कोणी दिलं नसेल, असं अध्यक्ष नंतर म्हणाले. त्याच बैठकीत दोन बढत्यांच्या मुलाखतीही झाल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या म्हणण्याला वजन होतं.

आता फक्त कपडे विभाग उरला. खेळातल्या पात्रांना घालायचे शर्ट विकणाऱ्या विभागप्रमुख बाई ठाम होत्या. त्यांच्याकडे चार हजार शर्ट तयार होते आणि प्रत्येकाला दोन बाह्या होत्या.

“चार हात कापा,” त्या म्हणाल्या. “दोनात काय अडतंय? आमचं कोणाचं अडलंय का?”

“मग तो ऑक्टोपस कशाला म्हणायचा?” चित्रकारबाई पहिल्यांदाच आवाज चढवून बोलल्या. “लोकांना तोच हवाय ना? मी एकही हात कापणार नाही. दुसरं कोणी कापलेला मला बघवणार नाही.”

प्रकरण चिघळणार असं दिसताच मी मधला मार्ग सुचवला. मधले आणि खालचे मिळून चार हात दीर्घ रजेवर दाखवावेत. ते शरीरावर राहतील, पण शर्टाच्या आत, पाठीमागे बांधलेले, आणि त्यांची ज्येष्ठता अबाधित राहील. दोन्ही बाजूंना हे पटलं. चित्रकारबाईंनी ते हात पाठीमागे असे काढले की बघणाऱ्याला तो कसला तरी विचार करत उभा आहे असं वाटावं. त्यांना जमायचं ते असं.

सोमवारी आदेश निघाला. अष्टपाद या प्रजातीला, तिच्या प्रदीर्घ, अखंड व निष्ठावान सेवेचा विचार करून, ‘खेळणारे’ या रकान्यात कायम करण्यात येत आहे. मी तो टाइप केला, दोनदा वाचला. एक प्रत बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि विचारलं, “आणि माझा?”

मी त्यांच्या जागेच्या क्रमांकाची फाइल काढली. ही गोष्ट मी आधी का केली नाही, ते मला विचारू नका. फाइलीत लिहिलं होतं की ही जागा ‘मार खाणारे या रकान्यातील अष्टपाद चितारण्यापुरती’ आहे. त्या रकान्यात आता अष्टपाद नव्हते. म्हणजे ज्या सकाळी अष्टपाद कायम झाले, त्याच सकाळी बाईंची जागा संपली होती. दोन्ही एकाच सहीने झालं होतं.

“साहेबांनी शब्द दिला होता,” बाई म्हणाल्या.

“तो नोंदवलेला नाही.”

“तुम्ही होतात की तिथे.”

“मी ऐकायला होतो. लिहायला सांगितलं नव्हतं.”

त्यांनी आदेशाची घडी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, “बरं. अकरा वर्षं काम केलंय, त्याचं काय?”

“दर सहा महिन्यांनी एक दिवसाचा खंड आहे. बावीस खंड होतात.”

“तो मेला एकसष्ट कोटी वेळा, तरी अखंड. मी बावीस दिवस घरी बसले, तेही तुम्ही बसवलंत म्हणून, तर मला खंड?”

“त्याचं मरण कामाच्या स्वरूपातलं आहे, बाई. तुमचं घरी बसणं प्रशासकीय आहे.”

हे मी म्हटलं खरं, आणि म्हणताना ते मला अगदी बिनचूक वाटलं. आता लिहिताना लाज वाटते.

बाईंनी आवाज चढवला नाही. “दरवाजावर आता कोण उभं राहणार? तिथे कोणीतरी लागेलच ना मार खायला? ते मी काढते.”

दरवाजावर गोगलगायी उभ्या करायचं ठरलं होतं, आणि त्या काढायला सहा महिन्यांसाठी तात्पुरता माणूस घ्यायचा होता. पण त्या जाहिरातीत अट होती, उमेदवाराने याआधी या कंपनीत काम केलेलं नसावं. कोणाचा हक्क तयार होऊ नये म्हणून ती अट घालतात. अटीचा मसुदा कोणाचा, हे सांगायला नको.

“रजिस्टरकाका,” बाई म्हणाल्या. ऑफिसात मला तसं म्हणतात हे मला माहीत होतं, पण तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. “घरी आई आहे माझी. त्र्याहत्तर वर्षांची. रोज विचारते, झालीस का पक्की. तिला काय सांगू?”

मला फार वाईट वाटलं. त्या दुपारी मी सगळी नियमावली पहिल्या पानापासून वाचून काढली, त्यांच्या बाजूचं काहीतरी सापडेल म्हणून. माझी सगळी कलमं घट्ट बसलेली होती. एकच फट मिळाली. खेळ संपल्यावर तो बनवणाऱ्यांची नावं पडद्यावर खालून वर सरकत जातात. तात्पुरत्यांची नावं त्यात घेत नाहीत, पण घेऊ नयेत असं कुठे लिहिलेलंही नव्हतं. लिहायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. मी टिपण केलं, सह्यांसाठी टेबलाटेबलावर स्वतः फिरलो आणि बाईंचं नाव यादीत घालून घेतलं. एकशे बारावं. त्यासाठी आधी मला त्यांना त्यांचं नाव विचारावं लागलं. अकरा वर्षं मी त्यांना बाईच म्हणत होतो.

“आईला सांगते,” त्या म्हणाल्या. “ती बघेल.” आणि डबा, पेन्सिली आणि खुर्चीवरची उशी घेऊन गेल्या.

चौथा भाग निघाला आणि तुफान चालला. लोकांनी अष्टपादाला डोक्यावर घेतलं. त्याचे रजेवरचे हात मोकळे करा म्हणून सह्यांची मोहीम निघाली. सत्तावीस लाख लोकांनी खेळ पूर्ण केला. कोणी कुठे काय दाबलं याचे आकडे माझ्याकडे येतात. एकशे बारावं नाव पडद्यावर यायला छप्पन्न सेकंद लागतात, आणि नावं सुरू होताच कोपऱ्यात ‘पुढे जा’ असं बटण येतं. लोक ते सरासरी दुसऱ्या सेकंदाला दाबतात. छप्पन्नाव्या सेकंदापर्यंत थांबलेलं घर सत्तावीस लाखांत एकच निघालं. तिथे मात्र ती यादी रोज दुपारी चार वाजता लागते, आणि त्या नावापाशी पडदा थांबवून ठेवलेला असतो.

ते बटण काढून टाका, असं मी समितीला लिहिलं. खेळणाऱ्यांची गैरसोय होईल म्हणून फेटाळलं. मला संताप आला. दोन सेकंद म्हणजे काय, माणसांना काही वाटतं की नाही, असं मी सगळ्यांना ऐकवत फिरलो.

आता शांत झालो आहे. तुम्ही हे सगळं इथपर्यंत वाचलंत. अष्टपादाला किती हात, त्यातले किती रजेवर, तो किती कोटी वेळा मेला, हे तुम्ही आता झोपेतही सांगाल. बाईंचं नाव मी एकदाही लिहिलेलं नाही, आणि तुमचं त्यावाचून कुठेच अडलं नाही. तुमच्यासाठी बटण ठेवायचीसुद्धा गरज पडली नाही.