मनात काही ठेवू नका, गाडी बंद पडेल

इंजिनाचं मला कुणी शिकवलेलं नाही, आणि म्हणूनच मला ते कळतं. आमच्या बेटावरच्या नुकुअलोफा शहरात भिंतीवर प्रमाणपत्रं टांगून बसलेले मेकॅनिक सगळे गाढव आहेत. हे मी त्यांच्या तोंडावर सांगून आलोय.

माझी पिकअप माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. थंड असली की झकास पळते, गरम झाली की मरते. थोडं थांबलं की पुन्हा जिवंत. यावरून शेंबडं पोरही सांगेल की कॉइल गेली आहे. तापली की ठिणगी सोडत नाही. मी कॉइल बदलली. गाडी मेली. मी प्लग बदलले, वायरी बदलल्या. गाडी मेली. म्हणजे नवी कॉइलही खराब निघाली, हे उघड आहे.

लग्नासाठी नवरीचा, म्हणजे लुपेचा, भाऊ व्हॅन पाठवणार होता. मी नको म्हटलं. माझ्या लग्नाला मी दुसऱ्याच्या गाडीतून जाऊ? कॉइलवर ओलं फडकं गुंडाळलं की झालं! लुपे म्हणाली, "मोआले, चर्चची घंटा थांबेपर्यंत तू आला नाहीस तर मी भावांबरोबर घरी जाईन. तू त्या गाडीशीच लग्न कर." लुपे थट्टा करत नाही. ही तिची एकच वाईट सवय.

तर निघालो. पुढे माझ्या शेजारी कालेसिता आत्या. आमच्याकडे बापाच्या बहिणीचा शब्द बापाच्याही वर, आणि ती मांडीवर बसली तरी कुणी 'जरा सरक' म्हणत नाही. मागे पेआउ काका, माझा चुलतभाऊ सेमिसि, चर्चमध्ये गाणाऱ्या चार बायका, भाजलेली डुकरं आणि आहेराच्या चटयांचा ढीग.

नारळाच्या बागा संपल्या आणि गाडी मेली.

मी बॉनेट उघडून फडक्यावर पाणी ओतायला लागलो. आत्या जागची हलली नाही. खिडकीतून म्हणाली, "मागे कुणाच्या तरी मनात अढी आहे."

"आत्या, कॉइल आहे."

"अढी आहे. गेल्या वर्षी होडीचं मशीन असंच बंद पडलं होतं. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते."

आमच्याकडे कुठलंही काम बिघडलं की आधी कोण कुणावर रुसलंय ते बघतात, पाना मग शोधतात. मागे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग सेमिसि खाली बघत म्हणाला, "काका, तुमचं डुक्कर हरवलं नव्हतं. आम्ही खाल्लं."

"कुठलं? फाटक्या कानाचं?"

"हो."

काका जवळ सरकले. "चांगलं होतं?"

"चरबी जास्त होती."

दोघे गळ्यात गळा घालून रडले. त्यांचं रडं आटपलं तशी मी किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली.

"थंड झाली म्हणून चालू झाली," मी म्हणालो. आत्याने मागच्यांकडे वळून मान डोलावली. 

पुढच्या वेळी गाडी मेली तेव्हा मंडळी तयारच होती. मी बॉनेटपर्यंत पोचायच्या आत काकांनी सांगून टाकलं, "लुपेच्या बापाला मी म्हटलं होतं की मोआले झोपेत चालतो."

"काका!"

"मला सेमिसिचं जमवायचं होतं रे तिच्याशी."

चौघींमधली सगळ्यात जाडी बाई म्हणाली, "मी गेली कित्येक वर्षं मुद्दाम बेसूर गाते. मुख्य गायिकेवर माझा राग आहे."

"मुद्दाम?" मुख्य गायिका तिच्या शेजारीच बसली होती. "मी तुझ्यासाठी प्रार्थना करत होते, बये."

त्यांचंही रडून झालं. गाडी चालू झाली. मागे आता भजन सुरू झालं, आणि खरं सांगतो, सुरात.

शहराच्या तोंडाशी गाडी पुन्हा मेली. तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली. आता कुणाकडे काही उरलं नव्हतं. सेमिसि घाम पुसत म्हणाला, "मी... मी बहुतेक बँक लुटली."

"कधी?"

"आठवत नाही."

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काका हळूच म्हणाले, "बाळा, तूच राहिलास."

"माझ्या मनात कॉइल आहे! दुसरं काही नाही!"

घंटा चालूच होती. लुपे पायऱ्यांवर उभी असणार, शेजारी भाऊ. मी गाडीला लाथ घातली. पेट्रोल तरी आहे का बघू म्हणून टाकीचं झाकण फिरवलं, तर आतून असा आवाज आला, जसा बुडणारा माणूस वर येऊन श्वास घेतो. झाकणाखाली जाड प्लास्टिक होतं. दुहेरी, दोऱ्याने करकचून बांधलेलं. पेट्रोल बाहेर जात होतं, हवा आत येत नव्हती. बिचारी टाकी गुदमरत होती. थोडं थांबलं की कुठूनतरी हवा झिरपायची आणि गाडी उठायची. त्याचा गरम होण्याशी काडीचा संबंध नव्हता, कॉइलशी तर त्याहून नव्हता.

"हे कुणी बांधलं?"

 आत्या काचेतून सरळ समोर बघत होती.

"मी," ती म्हणाली. "मागच्या वेळी चटया आणल्या तेव्हा त्यांना पेट्रोलचा वास येत होता."

मी प्लास्टिक फेकलं, किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात चालू. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "बघ. मी बोलले आणि झाली चालू."

मागून सहाही जण म्हणाले, "आमेन."

माझ्याकडे दोन उत्तरं होती. दोन्ही आत्यासमोर उच्चारण्यासारखी नव्हती.

शेवटचा टोला पडायला आणि आम्ही पोचायला एकच गाठ पडली. लुपे दोन पायऱ्या उतरली होती. माझे काळे हात बघून म्हणाली, "कॉइल?"

"कॉइलच," मी म्हणालो.

लग्न लागलं. म्हणजे लागत आलं होतं. पाद्रीबाबा म्हणाले, "या लग्नाबद्दल कुणाच्या मनात काही असेल तर त्याने आताच बोलावं." मागे बाकं करकरली. मी वळून बघितलं. पेआउ काका, सेमिसि आणि चारही बायका उभ्या राहिल्या होत्या.

पहिल्या रांगेतून आत्या म्हणाली, "बसा खाली. गाडी मेलेली नाही, आपणच बंद करून आलोय."