गोटमार जखमी साहाय्यता समितीचा टेलिफोन

पांढुर्ण्याचे पुंडलिकराव तहसील कचेरीतून निवृत्त झाले तरी नियमांवरचा त्यांचा विश्वास शाबूत होता. सौंसरला दिलेली त्यांची लेक प्रतिभा पहिलटकरीण होती. मोटारीचे धक्के तिला सोसणार नाहीत म्हणून डॉक्टरांनी माहेरी यायला मनाई केली. हे कळताच पुंडलिकरावांनी पूर्ण विचारांती घरी टेलिफोन घ्यायचं ठरवलं. जावई दिलीपराव संत्र्याच्या बगीच्याचे धनी, त्यांच्याकडे फोन होताच.

देवकाबाईंचं म्हणणं साधं होतं. "मीच मोटारीनं जाते न् बाळंतपण होईपर्यंत तिच्यापाशी राहते." सौंसर काही सातासमुद्रापार नव्हतं. पण घरी फोन येऊ घातला असताना बायकोनं पिशवी घेऊन मोटारीत धक्के खावेत, हे पुंडलिकरावांना मागासलेपणाचं वाटलं. देवकाबाईंनी भरलेली पिशवी खुंटीला लटकत राहिली.

टेलिफोनच्या ऑफिसात देवीदास नावाचे बाबू होते. त्यांनी चहा मागवायला लावून सांगितलं की फोन तीन प्रकारचा असतो. पहिला साधारण, त्यात रांगेत नाव लागतं आणि त्या हिशेबानं प्रतिभाच्या लेकराच्या लग्नापर्यंत घंटी वाजायला हरकत नव्हती. दुसरा भारी अनामतीचा, त्याचा आकडा ऐकून पुंडलिकरावांनी चहाचा कप खाली ठेवला. तिसरा विशेष. तो डॉक्टरांना, वार्ताहरांना आणि लोकसेवा करणाऱ्या संस्थांना ताबडतोब मिळे.

"मंग संस्था काढा न," देवीदासबाबू म्हणाले. "घर तुमचं, पाटी संस्थेची."

आता लोकसेवा कोणती करावी? गोरक्षण, भजन, व्यायामशाळा, सगळ्यांच्या समित्या आधीच होत्या आणि त्या आपसात भांडूनही झाल्या होत्या. तेवढ्यात पुंडलिकरावांना जाम नदी आठवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध झाड रोवून त्यावर झेंडा लावायचा, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन्ही काठांनी त्या झेंड्यासाठी एकमेकांवर दगड मारायचे, ही गावाची गोटमार. डोकी दरवर्षी फुटत, समिती मात्र एकही नव्हती. पुंडलिकरावांना गावाच्या या अनास्थेचं मनापासून वाईट वाटलं, आणि त्यांनी गोटमार जखमी साहाय्यता समिती स्थापन केली. अर्जात जखमींची अपेक्षित संख्या देवीदासबाबूंनी आपल्या हातानं, सढळपणे भरली.

महिनाभरात फोन आला, काळा, जड, तकतकीत. देवकाबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, वरून क्रोशाचा रुमाल घातला आणि सौंसरला लेकीशी बोलल्या. आवाज विहिरीतून आल्यासारखा होता, पण लेकीचाच होता. त्या पदरानं डोळे पुसत राहिल्या. पुंडलिकरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की बघा, मोटारीत हे सुख आहे काय?

ते सुख तेवढंच. संस्थेचा फोन म्हणजे लोकांचा फोन, हे लोकांना फार लवकर कळलं. शेजारच्या नलिनीबाईंनी लेकाच्या स्थळांसाठी हाच नंबर दिला. कापसाचे दलाल मनोहर भाव विचारायला सकाळीच येऊन बसत. गावातल्या लग्नपत्रिकांवर नंबर छापून पुढे 'पी. पी.' अशी अक्षरं झळकू लागली, म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप आमचा. देवकाबाईंना आपल्याच बैठकीत पाळी येईपर्यंत ताटकळावं लागे.

अशात पोळा तोंडावर आला आणि टेलिफोनच्या ऑफिसाचा कागद आला. समितीचं कार्य पाहायला गोटमारीच्या दिवशी साहेब जातीनं येतील. अर्जात नोंदलेल्या संख्येपेक्षा जखमी कमी आढळल्यास संस्था अनावश्यक समजून फोन काढून नेण्यात येईल.

नेमकं त्याच वर्षी तहसीलदारांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी नदीकाठचे दगड ट्रॅक्टरनं उचलून नेले. पुंडलिकरावांचं जेवण सुटलं. प्रतिभाचे दिवस भरत आले होते, आणि सरकार डोकी वाचवायला निघालं होतं! त्यांनी रीतसर अर्ज दिला की जखमींच्या व्यापक हिताचा विचार करून दगड पूर्ववत करावेत. उत्तर आलं नाही, तेव्हा समितीनंच बैलबंड्या जुंपल्या. नलिनीबाईंनी लेकाला पाठवलं, मनोहर दलालांनी बैल दिले. एरवी एका ताटात न जेवणारी माणसं खांद्याला खांदा लावून दगड वाहत होती.

"लोक मरतीन न हो," देवकाबाई म्हणाल्या.

"मरतीन कायले? समिती हाये न," पुंडलिकराव म्हणाले.

गोटमारीच्या दिवशी साहेब बैठकीत खुर्ची टाकून बसले. दुपारपर्यंत जखमी येत गेले, कार्यकर्ते पट्ट्या बांधत गेले, आणि फोनवर नलिनीबाई सकाळपासून नागपूरच्या स्थळाशी बोलत होत्या. झेंडा खाली आला, गोटमार संपली. संख्या एकानं कमी पडली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. पुंडलिकराव दारात उभे राहून रस्त्याकडे अशा आशेनं पाहू लागले, जशा आशेनं त्यांनी पोरीच्या लग्नात वरातीची वाटही पाहिली नव्हती.

तेवढ्यात दोघांनी धरून एकाला आणलं. कपाळ फुटलेलं, सदरा लाल.

"आला! भरली संख्या," पुंडलिकराव ओरडले, आणि मग त्यांनी चेहरा पाहिला. ते दिलीपराव होते.

"सकाळपासून फोन लावून राहिलो," जावई कसेबसे म्हणाले. "लागतच नाई. म्हणून मोटारीनं आलो. मोटार नदीपलीकडेच थांबवली, पायी नदी ओलांडताना गोटा लागला. मुलगी झाली, मामाजी. दोघी बऱ्या हायेत."

देवकाबाईंनी जावयाच्या कपाळाला आपला पदर बांधला, खुंटीवरची पिशवी काढली, आणि नवऱ्याकडे न पाहता त्या जावयाला घेऊन आधी डॉक्टरांकडे न् मग मोटार स्टँडवर गेल्या. साहेबांनी सही केली. फोन कायम झाला. पुंडलिकरावांना सौंसरला विचारावंसं वाटलं, की नात कोणावर गेली? पण नलिनीबाईंचं बोलणं अजून संपायचं होतं.

पुंडलिकरावांना नावं ठेवायला तुम्ही मोकळे आहात. फक्त त्याआधी घरातल्या त्या वर्षीच्या लग्नपत्रिका एकदा काढून पाहा. खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात, पी. पी.च्या मागे कोणता नंबर आहे?