अर्धा आटा तेज

फ्लॉवरचा लिलाव ऐन भरात आलेला असतो. मी पोत्यांच्या थप्पीवर उभा राहून बोली ओरडत असतो, समोर पंचवीसेक व्यापारी एकमेकांच्या खांद्यावरून हात वर करत असतात, आणि तेवढ्यात त्या गर्दीतून एक वाळका म्हातारा कोपरानं वाट काढत पुढं येतो. खाकी शर्ट, खिशाला टेस्टर, काखेत लांब वही. माझ्या तोंडासमोर मोबाईल धरतो आणि म्हणतो, "दिल्या, नंबर तेवीसची सुरुवात म्हन. झटकन. इचार नको करू."

आधी मी चिडायचो. मग कळलं की म्हटल्याशिवाय हा माणूस हलत नाही. म्हणून मी फ्लॉवर थांबवतो आणि एका इंग्रजी गाण्याच्या दोन ओळी गुणगुणतो. व्यापारी फिदीफिदी हसतात. म्हातारा मोबाईलकडे बघतो, तळहाताच्या आडोशानं वहीत काहीतरी लिहितो आणि आला तसा निघून जातो. येतो म्हणत नाही, बरं म्हणत नाही. तीन वर्षं अमरावतीच्या भाजीबाजारानं हा तमाशा पाहिला. हमालांनी तर माझं नावच 'नंबर तेवीस' पाडलं.

हे पुंडलिकभाऊ. मूळचे हिवरखेडचे, पण उभी हयात अमरावतीत टेप आणि रेडिओ दुरुस्त करण्यात गेली. आता टेप कोणाच्या घरात नाही, तरी दुकान रोज उघडतात, झाडतात, उदबत्ती लावतात आणि मेलेल्या टेपांच्या मधोमध स्टुलावर बसून राहतात. दुकानात भिंतीवर तीन घड्याळं आहेत आणि तिन्ही पुढं आहेत, त्यातही एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "मांगं कावून राहाचं? अर्धा आटा तेज ठेवाचं."

हा अर्धा आटा म्हणजे त्यांचं सगळं शास्त्र. स्क्रू फिरवताना जो आटा असतो, तोच त्यांनी जगाला लावला होता. सून आळशी असली तर तिचा अर्धा आटा ढिला, आमदार फार बोलला तर त्याचा अर्धा आटा जास्त. लग्नाला ते मांडववाल्याच्या आधी हजर व्हायचे आणि खुर्च्या उतरवून घ्यायचे. आमच्या घरी एकदा नुसते चहाला आले, तर निघताना पंखा, मिक्सर आणि माझ्या बायकोची शिलाई मशीन तिन्ही पळायला लागली होती. शोभाला ब्लाउजचा उलटा शिवलेला हात उसवत बसावं लागलं. ती आजही त्यांना माफ करायला तयार नाही.

आता माझं. सांगायला जीवावर येतं, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

'सरकी' हा रॉक बँड तुम्हाला माहीत असेलच. पुण्या-मुंबईची पोरं त्यांच्या कार्यक्रमाला रांगा लावतात, टी-शर्टवर कपाशीचं बोंड छापून घेतात. त्या बँडचा पहिला गायक मी. हसू नका, व्यापारी आधीच हसून झाले आहेत. तीस वर्षांपूर्वी बडनेऱ्याला संजूच्या वडिलांचं रेल्वे क्वार्टर होतं, तिथं आम्ही चौघं जमायचो. संजू गिटार वाजवायचा, मी गायचो. आमचं स्वतःचं गाणं एकही नव्हतं. कोणाच्या तरी मुंबईच्या मावसभावानं दिलेल्या इंग्रजी कॅसेटी, संजूच्या घरचा एक टेप, आणि आम्ही ऐकून ऐकून त्या गाण्यांची नक्कल करायचो. शब्द मी देवनागरीत उतरवून घ्यायचो. अर्थ चौघांपैकी एकालाही माहीत नव्हता, पण गिटारीच्या तारा त्या टेपच्या सुराला अगदी काटेकोर जुळवलेल्या असायच्या. टेप म्हणेल ते खरं.

त्या गाण्यांमध्ये एकेक जागा अशी यायची की माझा गळा आवळायचा. मी मिठाच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळला, दह्याला तोंड लावलं नाही. आई म्हणायची, पोराले कोणाची तरी नजर लागली. तरी ती जागा काही सर होईना. मग अकोल्याला एका कॉलेजच्या गॅदरिंगचं बोलावणं आलं. शेवटच्या गाण्यात, त्याच जागी, भर स्टेजवर माझा आवाज फाटला. नुसता फाटला असता तर चाललं असतं, पण त्यातून जो आवाज निघाला तो ऐकून मागच्या बाकावरच्या पोरांनी बकरीचा आवाज काढला आणि मग पूर्ण हॉल बकरीसारखा ओरडला. परतीच्या पॅसेंजरमध्ये मूर्तिजापूर गेल्यावर संजू खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दिल्या, तुहा आवाज चढत नाई." एवढंच. पुढच्या रविवारी क्वार्टरवर गेलो तर माझ्या जागी दुसरा पोरगा उभा होता.

मी बापाच्या अडतीवर उभा राहिलो. आमचं माळ्याचं घर, भाजीचा धंदा होताच. जो आवाज चढत नव्हता त्याच्यावर तीस वर्षं कोबी, वांगी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर विकली. गाणं मी बाथरूममध्येसुद्धा म्हटलं नाही. पोरीच्या लग्नात सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा दात दुखतो म्हणून सांगितलं. 'सरकी'चं गाणं कुठं लागलं की मी तिथून उठतो. जळतो म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. मी जळतोच.

आणि अशा माणसाकडे पुंडलिकभाऊ वही घेऊन आले. त्यांना 'सरकी'नं सुरुवातीला वाजवलेल्या सगळ्या परक्या गाण्यांची यादी करायची होती. मी म्हटलं संजूकडे जा, तो मोठा माणूस आहे. तर म्हणाले, संजू तारा लावत होता, गात तू होतास. मग सुरू झालं. गाण्यांची नावं आम्हालाच कधी माहीत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतः पाडली. 'घंटीवालं', 'बुलेट चालू होते ते', 'रडकं', 'हमालाचं'. एकेक करून अडतीस गाणी माझ्या डोक्यातून त्यांनी खणून काढली. सतरावं अकोल्याचं. ते मी सहा महिने सांगितलंच नाही. त्यांनी जागा कोरी सोडली आणि दर आठवड्याला येऊन त्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवत राहिले. शेवटी मी वैतागून गुणगुणलो आणि त्या दिवशी दोन पोती वांगी भलत्याच माणसाच्या नावावर गेली.

मला वाटायचं, म्हातारा त्या बँडसाठी खुळावला आहे. नाव होईल, पेपरात फोटो येईल, अशी काहीतरी आशा असेल. वही तळहातानं झाकतो म्हणून तर जास्तच राग यायचा. माझ्या जखमेवरची खपली काढून काढून हा त्यांचा इतिहास लिहितो आणि मलाच दाखवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात संजूची एक मुलाखत मोबाईलवर फिरत आली. तुमचं गाणं इतकं उंच आणि पळतं का, असं मुलाखत घेणारीनं विचारलं. तिनंच सुचवलंसुद्धा, की विदर्भातल्या उन्हाचा त्यात काही वाटा असेल. संजूनं गॉगल वर केला आणि सांगितलं, "मूळ गाणी आम्हाला झोपाळू वाटायची. म्हणून आम्ही ती मुद्दाम एक पट्टी चढवून घेतली. तोच पुढं आमचा बाज झाला."

मी हे पुंडलिकभाऊंना दाखवलं. वाटलं, खूश होतील, वहीत लिहून घेतील. त्यांनी ते तीनदा ऐकलं. उजवाच कान लावून ऐकलं, कारण डावा केव्हाचा गेला आहे. "मुद्दाम म्हनते काय हा?" एवढं बोलले आणि चहा तसाच ठेवून उठले. पंखासुद्धा तेज केला नाही.

आठवड्याभरानं बाजाराला सुट्टी होती तेव्हा निरोप आला, दुकानात ये. गेलो. काउंटरवर संजूच्या घरचा तोच टेप ठेवलेला होता. त्याचे वडील बडनेऱ्याचं घर आवरून पुण्याला निघाले होते. पुंडलिकभाऊंनी जाऊन माळ्यावरून तो जुन्या कॅसेटींसकट मागून आणला होता. त्यांनी त्यात सतरा नंबरच्या गाण्याची कॅसेट घातली आणि मोबाईलवर तेच गाणं मूळ गायकाचं लावलं. दोन्ही एकदम सुरू केलं.

दोन ओळींत टेप पुढं निघून गेला. मोबाईल मागं राहिला, खालच्या सुरात, आरामात. मला आधी वाटलं मोबाईल बिघडला.

"मलेही तसंच वाटलं होतं," ते म्हणाले. "संजूचा टेप दुरुस्त करताना हेच गानं लावून पाहो, अन् तीन वर्सांआधी एका पोरीच्या मोबाईलवर हेच वाजलं. म्या तिले म्हनलं, बाई, तुहा मोबाईल मंद हाय. मंग रातभर झोप नाई आली." मग त्यांनी टेप उलटा केला, झाकण काढलं आणि मोटारीच्या मागचा बारकासा स्क्रू दाखवला. त्याच्यावर लाल नेलपॉलिशचा थेंब होता. दुरुस्ती झाली की स्क्रू हलू नये म्हणून ते तसा थेंब लावायचे. त्यांच्या बायकोला नेलपॉलिश लावलेली कोणी कधी पाहिली नाही, बाटली सगळी मोटारींवरच संपायची. ती जाऊन दहा वर्षं झाली. थेंब मात्र जशाचा तसा होता, म्हणजे त्या स्क्रूला त्यांच्यानंतर कोणाचा हात लागला नव्हता.

"गावाकडं व्होल्टेज पडे अन् टेप रडे," ते त्या थेंबाकडे बघत सांगत होते. "गिऱ्हाईक बोंबलत ये. म्हनून म्या समद्याच टेपा अर्धा आटा तेज ठेवत होतो. व्होल्टेज पडलं की बरोबर चाले. पन बडनेऱ्याच्या त्या क्वार्टरात रेल्वेची बिजलीची लाइन होती, दिल्या. तिथं व्होल्टेज कधी पडलंच नाई."

मग पहिल्यांदा वही माझ्याकडे सरकवली. अडतीस ओळी. गाण्याचं त्यांनी पाडलेलं नाव, मूळ पट्टी, दिलीपची पट्टी. माझं गुणगुणणं ऐकून मूळ गाणं शोधणं आणि दोन्हीची पट्टी मोजणं हे त्यांचा मोबाईल करायचा. मूळ पांढरी पाच, माझी तिच्या लगतची वरची काळी चार. मूळ पांढरी सहा, माझी काळी पाच. अडतीसच्या अडतीस एकेक पट्टी वर. गाणं सहज तोंडातून निघावं, जुनी पट्टी तशीच यावी, म्हणून तो माणूस भर लिलावात येऊन मला विचार करू देत नव्हता. "एका गाण्यावरून तू मानलं नसतं," ते म्हणाले. "म्हातारं आपली समजूत काढते म्हनला असता."

मला रडू यायला पाहिजे होतं, पण राग आला. इतका आला की टेप उचलून रस्त्यावर फेकावा. पट्टी एक! तेवढ्यासाठी मी तीस वर्षं माझ्या गळ्याला शिव्या दिल्या, आणि संजूनं त्याच चुकीवर बंगला बांधला, वरून मुद्दाम केलं म्हणून सांगतो. मी विचारलं, हे त्याला जाऊन का नाही सांगत? त्यांनी मान हलवली. "त्याचं काय बिघडलं? ज्याचं बिघडलं त्याले सांगतलं."

मग टेस्टरनं तो लाल थेंब खरवडला आणि स्क्रू मागं घेतला. टेस्टर दोनदा घसरला, तिसऱ्यांदा बसला. टेप आणि मोबाईल पुन्हा लावले, दोन्ही जुळले. त्यांनी मोबाईल बंद केला, उजवा कान माझ्याकडे केला आणि म्हणाले, "आता म्हन."

मी नाही म्हणणार होतो. पण टेप चालू होता आणि पहिली ओळ आपोआप निघाली. आवाज कसला, लिलावानं घासून गेलेला. अकोल्याची ती जागा आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले, आणि ती जागा गेली. नुसती गेली, काहीही न होता. आवंढा गिळावा तितकी सोपी होती. गाणं संपल्यावर मी खूप वाईट शिव्या दिल्या. कोणाला दिल्या ते मलाही सांगता येणार नाही. पुंडलिकभाऊंनी त्या ऐकून घेतल्या आणि सतराव्या ओळीपुढं लिहिलं, 'आवाज चढते.'

मी त्यांना माफ केलेलं नाही. हे त्यांनाही माहीत आहे. पण बाजाराला सुट्टी असली की मी दुकानात जातो आणि मूळ पट्टीत एक गाणं म्हणतो. अडतीस आहेत, नऊ झाली. भिंतीवरची तिन्ही घड्याळं आता बरोबर वेळ दाखवतात.

परवा नववं होतं, 'रडकं'. म्हणून झालं, टेप बंद केला, तरी ते उजवा कान माझ्याकडे करून तसेच बसलेले. मी थांबलो. त्यांनी हळूच विचारलं, "सुरू कर ना बाप्पा, कावून थांबला?"

उजवा कानही डाव्याच्या वाटेनं निघाला होता. टेप मागं घेतला, स्टूल ओढून त्यांच्या कानाजवळ बसलो आणि तेच गाणं पहिल्यापासून म्हटलं, फ्लॉवर विकतो त्या आवाजात.