तीन पुस्तकं, एक पंखा

बाइंडरने दुकानातला पंखा पाचवर केला आणि तिथेच घात झाला. पण त्या घडीला त्याला ते कळायचं काही कारण नव्हतं. त्या सकाळी त्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

तीस वर्षं तो वाचनालयाची पुस्तकं बांधत होता. तीस वर्षं मागच्या दाराने गठ्ठे आत नेऊन द्यायचा आणि मागच्याच दाराने परत यायचा. आज संध्याकाळी मात्र तो पुढच्या दाराने आत जाणार होता आणि थेट व्यासपीठावर खुर्चीत बसणार होता. वाचनालयात वाचकांचा मेळावा होता. ‘मला घडवणारं पुस्तक’ या विषयावर तीन वाचक बोलणार होते. पुस्तकं जुनी, खिळखिळी झालेली, म्हणून ग्रंथपाल बाईंनी ती बांधायला बाइंडरकडे दिली होती. तिन्हींना एकसारखं गडद लाल कापड आणि वर सोनेरी अक्षरांत ‘मला घडवणारं पुस्तक’. “फोटोत छान दिसतील. आणि बांधणारे म्हणून तुम्हीही वर बसायचं हं,” असं बाई म्हणाल्या, तेव्हापासून बाइंडरच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

“आणि तुम्हाला विचारलं म्हणजे?” बायकोने आदल्या दिवशीच खडा टाकला होता.

“काय विचारतील?”

“अहो, हेच. तुम्हाला घडवणारं पुस्तक कोणतं.”

हजारो पुस्तकं बाइंडरच्या हाताखालून गेली होती, पण एकही त्याने वाचलं नव्हतं. हा आळस नव्हता, हा घराण्याचा नियम होता. “बाइंडर वाचायला लागला की उपाशी मरतो,” असं त्याचे वडील सांगत. त्यांचे नियम दोनच. पुस्तक वाचायचं नाही, हा पहिला. पानाच्या कडेला कुणी हाताने काही लिहिलेलं असेल तर ती कड कापायची नाही, हा दुसरा. छापलेलं पुन्हा छापता येतं, लिहिलेलं गेलं की गेलं. दोन्ही नियम त्याने डोळ्यांत तेल घालून पाळले होते.

“मला कशाला विचारतायत,” तो शेवटी म्हणाला. “मी नुसता बसणार.”

तर त्या सकाळी तिन्ही पुस्तकं बांधून टेबलावर वजनाखाली ठेवलेली होती. प्रत्येकावर एकेक चिठ्ठी: हेडमास्तर, दातांचे डॉक्टर, नर्सबाई. एवढीच काय ती ओळख. नावाची पानं तिन्हींची केव्हाच गेली होती. दोन पुस्तकांची हाताळून हाताळून गळाली होती आणि एकाचं वाळवीने खाल्लं होतं. इतक्यात बायको धुतलेला नवा सदरा घेऊन दुकानात आली आणि दोरीवर टाकून म्हणाली, “घरात वाळत नाहीये. पंखा मोठा करा, नाहीतर ओल्या सदऱ्यानेच बसाल वर.”

बाइंडरने पंखा पाचवर केला. सदरा फडफडला. मग चिठ्ठ्या उडाल्या. एक खळीच्या डब्यात पडली, एक कात्रणांच्या ढिगात शिरली, तिसरी बायकोच्या पदराला चिकटून घरी निघाली होती, ती कशीबशी पकडली.

“आता कोणतं कुणाचं?” बायकोने विचारलं.

“त्यात काय,” बाइंडर म्हणाला. तीस वर्षांचा अनुभव गाठीशी होता. “पुस्तकावरून माणूस ओळखतो मी.”

पहिलं उघडलं. त्याच्या कडांना जागोजागी पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं होतं, म्हणून त्याने त्याच्या कडा कापल्या नव्हत्या. “हे हेडमास्तरांचं. दुसऱ्याच्या लिहिण्यात चुका काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.” हे खरं होतं. निवृत्त झाल्यापासून हेडमास्तर वाचनालयाच्या सूचनाफलकावरच्या सूचनाही लाल पेनने तपासून गुण द्यायचे.

दुसरं अगदी कोरं करकरीत. सोळाव्या पानापुढची पानं तर छापखान्यातून आली तशी वरच्या कडेला जोडलेलीच होती, ती कापताना त्यानेच सुटी केली होती. “हे डॉक्टरांचं. त्यांना वाचायला वेळ कुठे असतो? आणि डागही नाही एक. स्वच्छ माणूस.” तिसऱ्याची पानं दुमडलेली, मधेच चहाचे डाग. “ही नर्सबाईंची रात्रपाळी.”

“एक ओळ वाचून बघा की,” बायको म्हणाली.

बाइंडरने तिच्याकडे असं पाहिलं, की तिने विषयच सोडला. सदरा वाळला होता.

संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं. मागे लोक उभे होते, खिडक्यांतही डोकी होती. पुस्तकांसाठी एवढी गर्दी पाहून ग्रंथपाल बाईंचे डोळे दर दोन मिनिटांनी भरून येत होते. बाइंडर व्यासपीठावर चौथ्या खुर्चीत बसला होता. पहिल्या रांगेत बायको होती आणि ती शेजारणीला कोपराने ढोसून वर बोट दाखवत होती. बाइंडरची छाती अशी फुगली, की सदऱ्याचं वरचं बटण त्याला सोडावं लागलं.

पहिले हेडमास्तर उठले. त्यांनी लाल पुस्तक छातीशी धरलं.

“चारित्र्य,” ते म्हणाले आणि थांबले. सभागृह शांत झालं. “मी जो काही आहे तो या ग्रंथामुळे. गेली चाळीस वर्षं रोज सकाळी मी याचं एक पान वाचतो. पान अन् पान मला पाठ आहे. तुमच्यासाठी पान एकशे बारा वाचतो.” त्यांनी चष्मा चढवला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. “‘राहण्याची जागा कोरडी असावी. उजेड आणि वारा भरपूर असावा. पहाटे लवकर बाहेर काढावे.’”

पालक मंडळींनी माना डोलावल्या.

“‘गर्दी झाली की एकमेकांना टोचण्याची खोड लागते. एकाने टोचले की दुसराही टोचतो. टोचणारा वेळीच ओळखावा, त्याला बाजूला काढावा आणि...’”

हेडमास्तरांनी पान उलटलं. पुढच्या पानावर पानभर कोंबडीचं चित्र होतं. व्यासपीठावरून ते फक्त दोघांना दिसलं. एक हेडमास्तर आणि दुसरा बाइंडर. हेडमास्तरांनी शांतपणे पुस्तक मिटलं.

“आणि पुढचं सुज्ञांना सांगायला नको,” ते म्हणाले आणि खाली बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कुणीतरी म्हणालं, “टोचणारा बाजूला काढावा. काय बोललेत.”

बाइंडर कानशिलं पुसू लागला. त्याने भराभर हिशेब मांडला. कोंबड्यांचं पुस्तक हेडमास्तरांकडे, म्हणजे हेडमास्तरांचं भलत्याकडेच. पण हेडमास्तर तर गप्प बसले. डॉक्टरही गप्प बसले तर सभा संपल्यावर गुपचूप अदलाबदल करता येईल. झाकली मूठ तशीच राहील आणि बायकोला शेजारणीसमोर खाली बघावं लागणार नाही.

डॉक्टर उठले. त्यांना घडवलं होतं एका गिर्यारोहकाच्या आत्मचरित्राने. त्यांनी पुस्तक मधेच कुठेतरी उघडलं आणि वाचलं, “‘थोर पुरुषाने मितभाषी असावे.’” क्षणभर ते अडखळले. पण रोज लोकांच्या उघड्या तोंडात नाना तऱ्हा बघणारा माणूस, तो असा घाबरतो थोडाच. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “चढावर बोललं की दम लागतो.” मग पुस्तक मिटून ते पंचवीस मिनिटं बोलले. एका पेशंटची अक्कलदाढ काढताना आपल्याला शिखराची आठवण कशी झाली ते त्यांनी हातवारे करून सांगितलं. बाइंडरने मनातल्या मनात त्यांचे पाय धरले. दोन पार पडले होते, एक राहिलं होतं.

नर्सबाई उठल्या तेव्हा त्यांच्या हातात कागद नव्हता. बाई साध्या, बोलणंही साधं.

“माझं पुस्तक ऐकून तुम्ही हसाल,” त्या म्हणाल्या. “घरच्या घरी कोंबड्या कशा पाळाव्यात, याचं आहे ते. वडील गेले तेव्हा मी दुसरीत होते. आईला वाचता येत नव्हतं. तिने कुठून तरी हे पुस्तक आणलं. मी शाळेतून आले की तिला अक्षरं दाखवायचे आणि ती एकेक ओळ लावायची. वर्षभरात तिला वाचता यायला लागलं आणि आमच्याकडे अकरा कोंबड्या झाल्या. त्या कोंबड्यांवर मी नर्स झाले.”

सभागृहात कुणीही हसलं नाही. हेडमास्तर मात्र मांडीवरच्या पुस्तकाकडे बघायला लागले.

“तिने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिलं ते या पुस्तकाच्या कडेला. प्रत्येक कोंबडीचं नाव आणि तिची खोड. ते तुम्हाला वाचून दाखवते.” त्यांनी पुस्तक उघडलं. एक पान, दुसरं, तिसरं. कडा सफाईने कापलेल्या आणि पांढऱ्याफटक. छापलेल्या मजकुराकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. त्या शोधत होत्या ती पेन्सिल, आणि ती कुठेच नव्हती. त्यांनी पुस्तक हळूच मिटलं.

“बांधताना गेलं वाटतं,” त्या म्हणाल्या. आवाज जरा ओला झाला होता. “असू दे. पुस्तक बाकी सुरेख बांधलंय हं.”

आता गप्प बसायचं, एवढंच बाइंडरच्या हातात होतं. सभा संपायला पाच मिनिटं होती. पण ‘बांधताना गेलं’ हे शब्द त्याच्या कानात शिरले आणि वडिलांचा दुसरा नियम पायांत उतरला. तो उभा राहिला.

“नाही गेलं,” तो म्हणाला. “लिहिलेली कड मी कापत नाही. माझ्या बापानेही कधी कापली नाही.”

सगळं सभागृह त्याच्याकडे बघत होतं. तीस वर्षांत त्याने एवढ्या माणसांसमोर तोंड उघडलं नव्हतं.

“पंख्याने चिठ्ठ्या उडाल्या,” तो म्हणाला. “सदरा वाळवत होतो. मग मी अंदाजाने लावल्या. तुमचं पुस्तक सरांकडे आहे, सिस्टर. एक ओळ वाचली असती तरी कळलं असतं, पण मी वाचत नाही. आजवर एकही पुस्तक वाचलेलं नाही मी. चूक माझी आहे.”

मग खिडकीतून कुणीतरी विचारलं, “म्हणजे सरांनी वाचलं ते कोंबड्यांचं होतं?”

असा हशा उठला, की खुर्च्या हलल्या. हेडमास्तर उठून उभे राहिले, कानापर्यंत लाल झालेले. “मला पहिल्या ओळीलाच कळलं होतं,” ते म्हणाले. “बघत होतो, सभेत कुणाचं लक्ष आहे का.” पुस्तक त्यांनी स्वतः नेऊन नर्सबाईंच्या हातात दिलं. नर्सबाईंनी एकशे बारावं पान उघडलं आणि वाकडीतिकडी पेन्सिल बघून रडता रडता हसल्या.

“इथे लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “‘ही आमची भांडकुदळ.’”

सभा तासभर लांबली. प्रत्येकाला आपल्या पुस्तकाचं काहीतरी सांगायचं होतं, एकजण तर खिडकीतूनच बोलला. बाइंडरची बायको शेजारणीला सांगत होती, “सदरा मीच धुतला होता.” निघताना नर्सबाईंनी कोंबड्यांचं पुस्तक बाइंडरच्या हातात ठेवलं. “आठ दिवस ठेवा,” त्या म्हणाल्या. “कुठूनतरी सुरुवात करा.”

चौथ्या दिवशी हेडमास्तर दुकानात आले. आधी त्यांनी दारावरच्या पाटीतली चूक दाखवली. मग इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला.

“माझं पुस्तक डॉक्टरांनी परत पाठवलं. बांधणी उत्तम आहे. फक्त एक विचारायचं होतं. ती सोळाव्या पानापुढची पानं... म्हणजे तुम्ही बांधायला घेतलंत तेव्हा...”

बाइंडरला कोरी करकरीत पानं आठवली, वरच्या कडेला जोडलेली. चाळीस वर्षं, रोज एक पान. त्याने हातातली सुई खाली ठेवली.

“गिऱ्हाइकाच्या पुस्तकात आम्ही बघत नाही, सर. वडिलांचा नियम आहे.”

हेडमास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला. जायला वळले, पण दारातच थांबले. त्यांची नजर टेबलावर गेली होती. तिथे खळीच्या डब्याला टेकवून नर्सबाईंचं पुस्तक उघडं ठेवलं होतं. शेजारी चार गिऱ्हाइकांची कामं आ वासून पडली होती.

“ते एकशे बारावं पान,” ते म्हणाले. “तो जो टोचणारा असतो, त्याला बाजूला काढून पुढे काय करायचं असतं हो?”

बाइंडरने पुस्तक ओढून घेतलं आणि कोंबडीच्या चित्राचं पान उलटलं. वाचायची सवय नव्हती, म्हणून तो एकेक शब्दावर बोट ठेवून वाचू लागला.

“‘टोचणारा बहुधा वाईट नसतो, नुसता रिकामा असतो. त्याच्यासमोर पाल्याची जुडी टांगून ठेवावी. तिच्यात तो रमतो आणि इतरांना टोचायचे विसरतो.’”

हेडमास्तरांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावरची कात्रणं झटकली आणि बसले.

“पहिल्या पानापासून वाचा,” ते म्हणाले.